जुनी मस्टँग की जुनी डार्ट?
अमेरिकेत रिस्टोर न केलेली, पण चालती मसल कार (मोठ्या, दमदार इंजिनाची जुनी अमेरिकन गाडी) घ्यायची तर माझ्यासमोर दोनच नावं येतात: ३९० घनइंची इंजिनवाली १९६७-६८ ची फोर्ड मस्टँग आणि १९६९ ची डॉज डार्ट स्विंगर ३४०.

मस्टँगचे सुटे भाग सहज मिळतात, अगदी नवी बॉडीसुद्धा. मात्र पुढच्या काचेखालच्या जाळीत पाणी ओता आणि डॅशबोर्डखाली टॉर्च मारून बघा. थेंब गळले, तर आतला पत्रा सडलाय. तो बदलायला पुढचा बराच भाग उघडावा लागतो, खर्च तिथेच फुगतो.

डार्टचे पत्रे शोधताना दमछाक होते. पण हलक्या गाडीत २७५ हॉर्सपॉवर! टॉर्शन बारची (पुढच्या चाकांना स्प्रिंगसारखा आधार देणाऱ्या लांब सळयांची) मागची टोकं बसतात तो आडवा पत्रा ठणठणीत असेल, तर मी डोळे झाकून डार्टच घेईन. ब्रेकच्या नळ्या, टायर बदलले की चालवत चालवत बाकीचं.