पोस्टग्रेसचं असिंक्रोनस कमिट: डिस्कसाठी थांबणं संपलं, नेटवर्कचं काय?

2008 च्या 8.3 आवृत्तीपासून पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये असलेली असिंक्रोनस कमिटची (कमिट म्हणजे बदल कायमचा पक्का करणं) सोय एका ओळीत चालू होते: सिंक्रोनस_कमिट = ऑफ. एरवी वॉलमधली (राइट-अहेड लॉग, म्हणजे बदल आधी लिहून ठेवायची नोंदवही) नोंद डिस्कवर पक्की बसेपर्यंत सर्व्हर कमिटचं उत्तर देत नाही. मिनिटाला 7200 फेऱ्या घेणाऱ्या डिस्कची एक फेरी 8.3 मिलिसेकंदांची. त्यामुळे प्रत्येक ओळ वेगळी कमिट करणारं कनेक्शन तिथे सेकंदाला 120 च्या आसपास अडकतं. ऑफ केलं की हा अडसर जातो. पण आधी डिस्कवर पक्कं लिहायला किती वेळ लागतो ते मोजणारं पीजी_टेस्ट_एफसिंक चालवून बघा. डिस्क कंट्रोलरला वीज गेली तरी टिकणारा बॅटरीवाला कॅशे असेल किंवा हजार ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र कमिट होणाऱ्या बदलांच्या गटात) जात असतील, तर फरक जाणवणारही नाही.

सर्व्हर कोसळला तर शेवटचे काही कमिट जातात, क्लायंटला ‘झालं’ असं कळवलेलं असूनही. ही खिडकी जास्तीत जास्त वॉल_रायटर_डिले या सेटिंगच्या (वॉल दर किती वेळाने डिस्कवर लिहायचं ते) तिप्पट, म्हणजे मूळ 200 मिलिसेकंदांना 600. डेटा मात्र बिघडत नाही. एफसिंक = ऑफ (डिस्कवर पक्कं लिहून घेणंच बंद करणं) हे वेगळंच, धोक्याचं प्रकरण; दोन्हींची गल्लत नको. क्रमही टिकतो: नंतरचं कमिट टिकलं तर आधीचं गेलेलं नसतं. मध्येच कुणी सिंक्रोनस कमिट केलं, तर त्याआधीची सगळी त्याच फटक्यात डिस्कवर जातात. घोळ होतो तो सर्व्हर बंद करताना. ‘इमिजिएट’ पद्धतीने बंद करणं म्हणजे कोसळणंच, आणि घाईत नेमकं तेच केलं जातं.

सगळ्या सर्व्हरला हे लावू नये. क्लिक, लॉग, सेन्सरच्या नोंदी अशा ट्रान्झॅक्शनपुरतं, ते सुरू करणाऱ्या बिगिननंतर ‘सेट लोकल सिंक्रोनस_कमिट टू ऑफ’ पुरे. बिगिनशिवाय लिहिलं तर फक्त इशारा येतो, परिणाम शून्य. पैशांच्या नोंदींना हात लावू नका.

नाव मात्र फसवं आहे. डिस्कची वाट बघणं गेलं तरी नेटवर्कवरची प्रत्येक ये-जा उरतेच. सर्व्हरपर्यंतची एक ये-जा 20 मिलिसेकंदांची असेल, तर एकामागून एक इन्सर्ट (नवी ओळ घालायची आज्ञा) पाठवणारा क्लायंट सेकंदाला 50 च्या वर जाणार नाही. त्यासाठी लिबपीक्यूचा, म्हणजे पोस्टग्रेसच्या सी क्लायंट लायब्ररीचा, पाइपलाइन मोड हवा: उत्तराची वाट न बघता पुढच्या क्वेरी पाठवत राहायची सोय. तो 14 व्या आवृत्तीत आला. पीक्यूएंटरपाइपलाइनमोड, मग पीक्यूसेंडक्वेरीपॅरॅम्सचा सपाटा, मग पीक्यूपाइपलाइनसिंक, आणि उत्तरं पीक्यूगेटरिझल्टने. क्वेरी पाठवून उत्तरासाठी थांबणारं पीक्यूएक्झेक इथे चालत नाही. कनेक्शन नॉनब्लॉकिंग (पाठवताना अडून न राहणारं) करायचं विसरलात आणि उत्तरं न वाचता पाठवतच राहिलात, तर दोन्ही बाजूंचे बफर भरतात आणि दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात. एक इन्सर्ट चुकला की पुढच्या सिंकपर्यंतचे सगळे रद्द ठरतात. म्हणून दर काहीशे ओळींना एक सिंक टाका आणि तिथपर्यंतच्या ओळी क्लायंटकडे राखून ठेवा. पुन्हा पाठवायला त्याच लागतात.