‘गॅप भरून देतो’ म्हणणाऱ्यापासून सावध : नव्या नोकरीत पीएफ-ईएसआयसीचे फॉर्म भरण्याआधी वाचा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची पोरं चाकण-रांजणगावला, नाशिकच्या अंबड-सातपूरला नाहीतर सुरत-वापीला कंपनीत लागतात, चार-पाच वर्षं काढतात आणि मध्येच घरी परततात. कुणाचे वडील आजारी पडतात, कुणाच्या कपाशीला नि केळीला बघणारं दुसरं कोणी नसतं, कुणी एमपीएससीच्या अभ्यासाला बसतं. मुलींचं लग्न होतं, बाळंतपण होतं. पुढे पुन्हा नोकरी लागते, कंपनीकडून जॉइनिंगच्या कागदांची यादी येते आणि घरात काळजी सुरू होते : मधल्या दीड वर्षाचं काय सांगायचं? या काळजीवर पैसे कमावणारे लोक आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचले आहेत. ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात, आयटीआयच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, कधी ओळखीतल्याच कुणाच्या तोंडून निरोप येतो. ‘टेन्शन नको घेऊ भो, गॅप भरून देतो.’

एक प्रकरण सविस्तर सांगतो, कारण त्यात या फसवणुकीचे सगळे टप्पे एकाच माणसावर आले आहेत. पारोळ्याकडचा एक फिटर. नाशिकला एकाच कंपनीत चार वर्षं सात महिने काम, तेव्हाचा पीएफ व्यवस्थित भरलेला. मग वडिलांच्या आजारपणामुळे सोळा महिने घरी. नंतर पुण्याजवळ नवी नोकरी लागली. एजंटाने 18,000 रुपये घेतले आणि त्या सोळा महिन्यांचं जळगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीचं अनुभवपत्र, रिलीव्हिंग लेटर आणि शेवटच्या सहा महिन्यांच्या पगारपावत्या दिल्या. वर एक सल्लाही दिला : ‘गॅप पडला की जुना पीएफ अडकतो, व्याजही बंद होतं. काढून घे, मी काढून देतो.’ यूएएनचा (पीएफ सभासदाच्या कायमच्या क्रमांकाचा) पासवर्ड आणि आधारचा ओटीपी घेऊन त्याने फॉर्म 19 (पीएफ काढण्याचा) आणि फॉर्म 10सी (पेन्शनचा हिस्सा काढण्याचा) दोन्ही भरले. पैसे आले, त्यातला पाचवा हिस्सा एजंटाने रोख घेतला. शेवटचा सल्ला असा : ‘नव्या कंपनीच्या फॉर्म 11 वर आधी पीएफ नव्हता असंच लिही, म्हणजे कुणी मागचं उकरणार नाही.’

कागद कंपनीत गेले आणि पडताळणीत पहिल्याच फेरीत पकडले गेले. नोकरी तर गेलीच. पण खरं मोठं नुकसान पीएफचं झालं होतं आणि ते त्याच्या लक्षात सगळ्यात उशिरा आलं.

आधी कागद कसे पकडले ते पाहू. पगारपावती 2023-24 सालची होती आणि एकूण पगार 16,000 दाखवला होता. त्यावर ईएसआयसीची (कामगार राज्य विम्याची) कपात 280 रुपये होती, म्हणजे 1.75 टक्के. कामगाराच्या हिश्श्याचा हा दर 1 जुलै 2019 पासून 0.75 टक्के झाला आहे. कपात 120 हवी होती. बनवणाऱ्याने जुन्या पावतीचा साचा उचलला आणि फक्त नाव-तारखा बदलल्या. फेब्रुवारीच्या पावतीवर व्यवसाय कर 200 होता. महाराष्ट्रात या पगाराच्या पुरुष कामगाराला अकरा महिने 200 आणि फेब्रुवारीत 300 कापतात, म्हणजे वर्षाचे 2,500 होतात. लेटरहेडवर पत्ता जळगावचा, पण जीएसटी क्रमांकाची सुरुवात 24 ने. 24 हा गुजरातचा क्रमांक, महाराष्ट्राचा 27. पगाराचा हिशोब रोज करणाऱ्याला हे दिसायला दोन मिनिटं पुरतात. आणि हे सगळं बिनचूक असतं तरी उपयोग नव्हता. पावतीवर दरमहा 1,680 रुपये पीएफ कापलेला होता (मूळ पगार 14,000 चे 12 टक्के), पण यूएएनच्या पासबुकात त्या सोळा महिन्यांत एक रुपयाही नाही. पडताळणी करणारी संस्था उमेदवाराच्या संमतीने यूएएनचा सेवा इतिहास बघते. 26एएस आणि एआयएस ही आयकर खात्याकडची विवरणं मागितली तर मिळालेला पगार, कापलेला टीडीएस (आधीच कापून घेतलेला आयकर) असं बरंच काही तिथे उमटलेलं असतं.

काही एजंट यावरही तोड सांगतात : ‘पीएफची एंट्रीच मारून देतो.’ कुठल्यातरी कागदोपत्री चालणाऱ्या आस्थापनेच्या नावाने मागच्या महिन्यांचं चलन भरायचं. कामगाराचा आणि मालकाचा असे दोन्ही हिस्से, उशिराचं व्याज आणि दंड तुमच्याकडूनच घ्यायचा, वर फी वेगळी. हा प्रकार जास्त महाग आणि जास्त घातक आहे. पासबुकात प्रत्येक पगार-महिन्यासमोर रक्कम जमा झाल्याची तारीखही असते. एप्रिलपासून पुढच्या जुलैपर्यंतचे सोळा महिने आणि सगळ्यांसमोर एकच तारीख, हे बघणाऱ्याच्या डोळ्यात लगेच भरतं. खोटं अनुभवपत्र निदान परत मागता येतं. सरकारी नोंदीत घुसवलेली खोटी नोकरी काढायला मात्र महिनोन् महिने जातात, आणि तोवर खऱ्या नोकरीचे पैसे हस्तांतरित करताना अडचण येते.

आता पीएफच्या नुकसानाकडे. आमच्या मते या सगळ्या प्रकारात सगळ्यात वाईट सल्ला हाच होता.

मालकाच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के पेन्शन योजनेत जातात (15,000 च्या मर्यादेवर, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त 1,250) आणि 3.67 टक्के पीएफमध्ये. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. ही सेवा सलग असायची गरज नाही. मधले सोळा महिने मोजले जात नाहीत, एवढंच. आधीची वर्षं शाबूत राहतात आणि नवी नोकरी त्यांना जोडली जाते. सहा महिने किंवा त्याहून जास्त उरलेला भाग पूर्ण वर्ष धरतात, म्हणून साडेनऊ वर्षं झाली तरी दहा मोजतात. या फिटरची चार वर्षं सात महिने जमा होती. पुढची पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आतच तो पेन्शनला पात्र झाला असता. फॉर्म 10सी भरून पेन्शनचा हिस्सा काढला, त्या दिवशी मागची सेवा पुसली गेली. आता दहा वर्षं पहिल्या दिवसापासून. पैसे काढायचेच असतील तरी पेन्शनच्या हिश्श्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेता येतं, त्यात सेवा टिकून राहते. एजंट हे सांगत नाही, कारण प्रमाणपत्रावर त्याला टक्केवारी मिळत नाही.

शिवाय पाच वर्षांच्या आत 50,000 किंवा त्याहून जास्त पीएफ काढला तर पॅन दिलेला असूनही 10 टक्के टीडीएस कापला जातो. जुना पीएफ नव्या खात्यात हस्तांतरित केला तर दोन्ही नोकऱ्यांची वर्षं एकत्र धरतात. हा माणूस नव्या नोकरीत पाच-सहा महिन्यांत ती पाच वर्षांची रेघ ओलांडणार होता.

‘गॅपमध्ये व्याज बंद होतं’ हे तर धडधडीत खोटं. नोकरी सुटली तरी खात्यावर व्याज जमा होत राहतं. 2024-25 चा दर 8.25 टक्के होता. तीन वर्षांनी खातं निष्क्रिय होण्याची जी गोष्ट लोक ऐकून असतात, ती 55 वर्षांनंतर निवृत्त झालेल्यांची आहे.

आणि फॉर्म 11 वरचं ते ‘नाही’. हा फॉर्म मुळातून समजून घ्या, कारण भीती याच कागदाची असते. त्यात विचारतात : याआधी भविष्य निर्वाह निधीचे सभासद होता का, पेन्शन योजनेचे सभासद होता का. असाल तर यूएएन, जुना सभासद क्रमांक, नोकरी सोडल्याची तारीख, आणि घेतलं असल्यास योजना प्रमाणपत्राचा क्रमांक. बाकी आधार, पॅन, बँक खातं. गॅप का पडला हे विचारणारा एकही रकाना या फॉर्ममध्ये नाही. तिथे खोटं ‘नाही’ लिहिलं तर काय होतं? तुमचा मूळ पगार 15,000 च्या वर असेल, तर 1 सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदा सभासद होणाऱ्याला पेन्शन योजनेत घेतच नाहीत. म्हणजे आधीचे सभासद असूनही तुम्ही स्वतःच्या सहीने पेन्शनचं दार बंद करता. कधीकधी दुसरा यूएएन तयार होतो, आणि दोन्ही जुळवण्यासाठी अर्ज करत बसावं लागतं. पगार 15,000 च्या वर असलेल्या नवख्याला पीएफमधून वगळण्याची मुभा मालकाला असते, तो धोका वेगळाच.

ईएसआयसीचंही तसंच. विमा क्रमांक दहा आकडी आणि जन्मभर एकच. पगार 21,000 पर्यंत असेल तर नव्या कंपनीत जुनाच क्रमांक द्यायचा. गॅप झाकायला नवा काढला तर काय होतं ते उदाहरणाने पाहा. आजारपणाच्या भत्त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात 78 दिवसांची वर्गणी लागते. ऑक्टोबर ते मार्च या काळात साठ दिवस जुन्या क्रमांकावर आणि साठ दिवस नव्यावर भरले गेले, तर एकूण 120 असूनही दोन्हीकडे 78 पूर्ण होत नाहीत. त्या वर्गणीचा लाभ मिळतो तो पुढच्या जुलै ते डिसेंबरमध्ये; तेव्हा पाय मोडून घरी बसलात तर भत्ता नाही. बाळंतपणाच्या लाभासाठी मागच्या दोन वर्गणी-काळांत मिळून 70 दिवस लागतात, तिथेही हेच. बाळंतपणानंतर कामावर परतणाऱ्या बहिणींनी जुनं ई-पेहचान कार्ड शोधून ठेवावं.

मग कंपनीला सांगायचं काय? जे आहे ते, एका साध्या कागदावर. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मी कुठेही नोकरीस नव्हतो. या काळात वडिलांचा उपचार आणि घरची शेती बघत होतो.’ खाली सही, तारीख. सोबत असेल तो पुरावा : दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, सातबारा, परीक्षेचं हॉल तिकीट. नोटरी कंपनीने मागितली तरच. कंपनीच्या स्वतःच्या अर्जात आणि पडताळणीच्या फॉर्ममध्ये गॅपचा रकाना असतो, तिथेही याच तारखा, दिवसासकट. अर्जावर एक महिना आणि कागदावर दुसरा, असं झालं की खरं सांगणाऱ्यावरही संशय येतो.

आमच्या भागात अनेकांचा गॅप हा खरा गॅप नसतोच. माणूस ठेकेदाराकडे डाळमिलमध्ये, पाइपच्या कारखान्यात वर्षभर राबलेला असतो, पण ठेकेदाराने पीएफ भरलेला नसतो. अशा वेळी अनुभवपत्र विकत घेण्यापेक्षा सरळ लिहावं : काम होतं, पीएफ भरला गेला नाही. पुरावा म्हणून पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट, गेटपास, हजेरी कार्ड द्यावं. पावतीवर पीएफ कापलेला आणि पासबुकात मात्र नाही, असं असेल तर ती ठेकेदाराविरुद्ध तक्रारीची बाब आहे. पीएफ कार्यालयाच्या ईपीएफआयजीएमएस या तक्रार पोर्टलवर ती विनाशुल्क करता येते.

जॉइनिंगच्या आधी घरबसल्या एवढं करा. 99660 44425 या क्रमांकावर यूएएनला जोडलेल्या मोबाइलवरून मिस्ड कॉल दिला की शेवटची वर्गणी आणि शिल्लक एसएमएसने येते. सभासद पोर्टलवर ‘सर्व्हिस हिस्ट्री’ उघडा आणि जुन्या कंपनीसमोर सोडल्याची तारीख आहे का बघा. ती नसेल तर तुम्ही अजून तिथेच कामाला आहात असं दिसतं आणि नवी नोकरी लागल्यावर दोन नोकऱ्यांचा संशय येतो. शेवटच्या वर्गणीला दोन महिने झाले की ‘मॅनेज’मधल्या ‘मार्क एक्झिट’मधून ती तारीख स्वतः भरता येते, आधारचा ओटीपी लागतो. शेवटची वर्गणी ज्या महिन्याची, त्याच महिन्यातली तारीख द्या आणि दोनदा तपासूनच पुढे जा, कारण नंतर बदलणं कटकटीचं आहे. मग नव्या कंपनीत रुजू झाल्यावर जुनं खातं हस्तांतरित करायचा अर्ज. याला कोणी पैसे मागत असेल तर तो सरकारी शुल्क म्हणून खोटं सांगतोय, पीएफ कार्यालय कुठल्याच कामाचं शुल्क घेत नाही. आणि ओटीपी म्हणजे तुमची सही आहे हे धरून चाला, दुकानदार कितीही ओळखीचा असो.

खोटे कागद आधीच कंपनीत देऊन झाले असतील तर पडताळणी सुरू होण्याआधी एचआरला लेखी कळवून ते मागे घ्या. नोकरी राहील याची हमी नाही, पण खोटा दस्त खरा म्हणून वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 340 खाली गुन्हा आहे, आणि तो कागद वापरणाऱ्यावरही लागतो, नुसता बनवणाऱ्यावर नाही. यूएएनचा पासवर्ड लगेच बदला, जोडलेला मोबाइल आणि बँक खातं तुमचंच आहे ना ते तपासा. एजंटाला पैसे यूपीआयने दिले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर जितक्या लवकर फोन कराल तितकं बरं. चॅट, पावत्या, क्यूआर कोडचे फोटो डिलीट करू नका, पोलीस ठाण्यात तेच लागतात. सेवा इतिहासात अनोळखी कंपनी दिसली तर पोर्टलवर तक्रार करून तिचा क्रमांक जपून ठेवा आणि दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्यात पीएफ कार्यालयाचं ‘निधी आपके निकट’ शिबिर भरतं, तिथे आधार, पासबुकाची प्रत आणि तो तक्रार क्रमांक घेऊन जा. 27 ला सुटी असेल तर शिबिर पुढच्या कामाच्या दिवशी असतं.