शिष्यवृत्तीच्या तयारीसाठी क्रमवार संख्यांची पुस्तिका : घेण्यासारखी, पण उत्तरसूची तपासून

परभणीच्या एका शिकवणी वर्गाने शिष्यवृत्ती आणि नवोदय प्रवेश परीक्षेसाठी काढलेली ही साठ रुपयांची पुस्तिका केवळ क्रमवार संख्या आणि मोजणी या घटकापुरती आहे. जाडजूड मार्गदर्शकांत हाच घटक दोन पानांत उरकलेला असतो.

तिचा सर्वांत सरस भाग दोन्ही टोके धरून मोजण्याचा आहे. सूत्र आधी न सांगता लेखकाने जायकवाडीचे १० ते २७ क्रमांकाचे दरवाजे उघडल्यास एकूण किती दरवाजे उघडले, असा प्रश्न विचारला आहे. बहुतेक मुले २७ मधून १० वजा करून १७ लिहून मोकळी होतात. परंतु या वजाबाकीत पहिले दहाही क्रमांक निघून जातात, त्यांतला दहावा आपल्याला हवा असतो, म्हणून एक मिळवावा लागतो आणि उत्तर १८ येते, हे तेथे आकृतीसह समजावले आहे. पुढचे उदाहरण वेरूळचे आहे. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन लेणी स्वतंत्रपणे मोजून बेरीज ३४ भरते का, हे विद्यार्थ्यानेच पडताळायचे आहे. प्रत्येक गटात एक मिळवायला विसरणाऱ्याचा हिशेब ३१ वरच अडतो आणि चूक कोठे झाली ते त्याला कोणी सांगावे लागत नाही.

तीन क्रमवार विषम संख्यांची बेरीज १५३ असल्यास समीकरण न मांडता तिनाने भागून मधली संख्या ५१ काढण्याची रीतही नेटकी दिली आहे. चार क्रमवार संख्यांची बेरीज १३० असताना भागाकार ३२.५ येतो, तेव्हा ३२ आणि ३३ ही मधली जोडी धरायची, हे मात्र पाचवीच्या मुलांना जड जाईल.

खटकणारी बाब एकच, पण गंभीर आहे. ‘२५ आणि ६० यांच्या दरम्यान किती संख्या आहेत’ या प्रश्नाचे उत्तर उत्तरसूचीत ३६ छापले आहे. दोन्ही टोके वगळल्यावर ते ३४ हवे, आणि परीक्षेतील पर्यायांत हे दोन्ही आकडे हमखास शेजारी असतात. वर्गाने दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवेपर्यंत पालकांनी उत्तरसूची स्वतः तपासून मगच पुस्तिका मुलांच्या हाती द्यावी.