नाताळचं झाड: हुकाचं घ्यावं की बिजागरीचं?

डिसेंबर लागला की क्रॉफर्ड मार्केटात प्रत्येक दुकानापुढे एक झाड छान फुलवून उभं केलेलं असतं, आणि तेच झाड आपल्याला खोक्यात मिळतं. घरी खोकं उघडलं की बाटल्या धुण्याच्या ब्रशांची मोळी निघते. पीव्हीसीची फांदी बनतेही तशीच: कातरलेल्या हिरव्या पट्ट्या दोन तारांमध्ये धरायच्या आणि तारांना पीळ द्यायचा. दुकानातलं झाड दाट दिसतं ते कुणीतरी त्यावर दोन तास हात चालवलेले असतात म्हणून.

उंची, रंग, स्टँड हे तुमचं बघून झालं असेलच. खोडाला फांदी कशी जोडली आहे, याकडे मात्र घेताना फारसं कुणी बघत नाही, आणि फुलवायला बसल्यावर सगळं तिथेच अडतं.

बिजागरीच्या झाडाला फांद्या कायमच्या लावलेल्या असतात. खोडाचे दोन-तीन तुकडे एकात एक बसवले की फांद्या आपल्या वजनाने खाली उघडतात आणि दहा मिनिटांत सांगाडा उभा राहतो. हुकाच्या ६ फुटी झाडाला पन्नासच्या आसपास सुट्या फांद्या, प्रत्येकीच्या मागच्या बाजूला तारेचा हूक आणि रंगाची खूण, आणि खोडावर हूक अडकवायला त्याच रंगाच्या खाचा. तळच्या ओळीपासून वर चढत जायचं. नुसत्या बांधणीलाच पाऊण तास जातो. इथवर वाचून कुणीही बिजागरीचंच झाड घेईल, आणि बहुतेक जण घेतातही.

आता फुलवायला घ्या. दाटपणा येतो तो खोडाजवळच्या टोकांमुळे, म्हणजे फांदीला फुटलेल्या छोट्या डहाळ्यांमुळे. मधला दांडा झाकायचा तर प्रत्येक फांदीची आतली दोन-तीन टोकं उभी करून खोडाला टेकवावी लागतात. बिजागरीची फांदी नुसत्या वजनावर खाली राहिलेली असते. आतलं टोक वर ओढलं की टोक वळतच नाही, सबंध फांदीच वर येते. मग एका हाताने फांदी खाली दाबायची, दुसऱ्या हाताने टोक वळवायचं आणि हे सगळं कोपरापर्यंत झाडात शिरून, वरच्या ओळीच्या झिरमिळ्या तोंडावर घेत. कातरलेल्या पीव्हीसीच्या कडा हातांवर बारीक ओरखडे काढतात, रात्री खाज सुटते. अशा दहा-बारा फांद्या झाल्या की माणूस कंटाळतो आणि बाहेरून हात पोहोचेल तेवढंच फुलवतो. म्हणूनच बाहेरून भरगच्च आणि दिवे लावले की मधोमध दांडा लख्ख दिसणारी झाडं घरोघर असतात. इतर सगळ्या गैरसोयी चालवून घेता येतील, पण ही एक दर वर्षी नव्याने भोगावी लागते.

हुकाची फांदी मांडीवर घेऊन, उजेडात बसून फुलवता येते. आधी मधली तार सरळ करायची. मग खोडाकडून बाहेर यायचं: पहिली दोन-तीन टोकं उभी, पुढची आळीपाळीने डावीकडे, उजवीकडे, वर, आणि शेवटचं टोक फांदीच्या रेषेतच, जरासं उचललेलं. सगळी टोकं एकाच पातळीत पसरली की पंखा होतो. ही चूक सगळ्यात जास्त दिसते, कारण टेबलावर ठेवून फुलवलेली फांदी खालून सपाट राहते. ती हातात उचलून, फिरवत फुलवावी. हुकाकडची चार बोटं तार मोकळी ठेवा, नाहीतर ती खाचेत बसत नाही. टोक बुडातून काटकोनात मोडू नका, बोटावर गुंडाळल्यासारखी गोलाई द्या. एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवलेली तार तिथेच तुटते. आणि शेवटचा थोडा भाग झाड उभं राहिल्यावर करायचा ठेवा. शेजारच्या फांदीत किती फट राहिली हे मांडीवर कळत नाही.

‘नैसर्गिक’ दिसावं म्हणताना नक्कल कोणत्या झाडाची चालली आहे, हेही बघायला हवं. आपल्याकडे रोपवाटिकेत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळतो तो अरौकारिया. त्याचे मजले सुटे असतात आणि मधलं खोड उघडं दिसतं. त्याहीआधी किनाऱ्याकडच्या घरांतून सुरूची फांदी डब्यात रोवली जायची, ती तर विरळच. बाजारातलं प्लास्टिकचं झाड फर किंवा स्प्रूस या थंड मुलखातल्या झाडांची नक्कल असतं: तळच्या फांद्या जवळपास आडव्या, किंचित झुकलेल्या, आणि वर जावं तशा शेंड्याकडे उचललेल्या. सगळ्या फांद्या एकाच कोनात ठेवल्या की झाड छत्रीसारखं दिसतं. वरच्या ओळीची फांदी खालच्या दोन फांद्यांच्या मधल्या फटीवर आली पाहिजे. हुकाच्या झाडात खाचा तशा जुळवलेल्या नसतील तर खोडाचा वरचा तुकडा थोडा फिरवून बसवता येतो.

साच्यात ओतलेल्या पीईच्या (पॉलिएथिलीन, दुसरं एक प्लास्टिक) टोकांना खऱ्या सुयांसारखी जाडी असते आणि ती कमी मेहनतीत उभी राहतात. मिश्र झाडात पीई बाहेर आणि पीव्हीसी आत अशी वाटणी असते. फुलवताना ती उलटी होऊ देऊ नका. पीव्हीसीच्या चेपलेल्या झिरमिळ्या उठत नसतील तर वीतभर अंतरावरून हेअर ड्रायरची मंद हवा द्यावी. झाडात दिवे आधीच गुंफलेले असतील तर हा उपाय करू नये.

हुकाच्या झाडाचे दोषही लहान नाहीत. दोन-तीन वर्षांत रंगाच्या खुणा उडतात आणि मग कोणती फांदी कोणत्या ओळीची हे लांबी जुळवून ठरवायचं. पहिल्याच वर्षी नेलपेंटने खुणा पक्क्या कराव्यात, पातळ चिकटपट्टीचा भरवसा नको. खाच सैल असली की फांदी वजनाने एका बाजूला फिरते. हुकाच्या तारेला इन्सुलेशन टेपचा एक वेढा दिला की थांबते. वसईसारख्या किनारपट्टीच्या हवेत हुक गंजतात, तशा बिजागऱ्याही गंजतात, पण गंजलेली बिजागरी मोडली की ती फांदी गेलीच. हुकाची फांदी तुटली तर ती भिंतीकडे लावून चांगली पुढे आणता येते.

मुंबईच्या हॉलमध्ये तर हुकाच्या झाडाचा आणखी एक फायदा होतो. झाड कोपऱ्यात ढकलायचं असतं, तेव्हा मागच्या चार-पाच खाचा रिकाम्या सोडल्या की ते वीतभर मागे सरकतं, आणि उरलेल्या फांद्या पुढच्या फटींत बारीक तारेने बांधता येतात. फक्त तोल पुढे जातो, म्हणून स्टँडच्या मागच्या पायावर एखादी वीट ठेवावी.

तरी ७ फुटांच्या वरचं झाड असेल, कार्यालय किंवा चर्चचा हॉल असेल, घरी दोघंच ज्येष्ठ असतील, किंवा दिवे गुंफलेलंच झाड हवं असेल, तर बिजागरीचं घेणं शहाणपणाचं. अमेरिका-कॅनडात आता बहुतेक तेच मिळतं. तिकडे झाड गॅरेजमध्ये राहत असेल तर आदल्या रात्री घरात आणून ठेवा, गार पीव्हीसी ताठ होतं आणि टोकं वळत नाहीत. दिवे असलेलं झाड तिकडून इथे आणायचा बेत असेल तर सोडून द्या. ते १२० व्होल्टवर चालणारं, इथे २३० मिळतात. आणि बिजागरीचंच घेतलंत, तर खोडाचा तळचा तुकडा एकटाच उभा करून आधी आतून फुलवा, मगच वरचा तुकडा चढवा. हात शिरायला वरून जागा मिळते आणि निम्मा त्रास वाचतो. एवढं करूनही दांडा दिसलाच तर त्याला हिरवी झालर गुंडाळून घ्यावी.

मात्र घर लहान असेल, झाड ५-६ फुटी असेल आणि फांद्या फुलवायला मदतीला एक-दोन पोरं असतील, तर मी हुकाच्या झाडाकडे झुकेन. ६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला की ओळीओळीने फांद्या काढायच्या, हुकांना शिवणयंत्राच्या तेलाचं बोट लावायचं, एकेक ओळ सैल नाडीने बांधून जुन्या सुती साडीत गुंडाळायची आणि तळची ओळ खोक्यात सगळ्यात वर ठेवायची, कारण पुढच्या वर्षी पहिली तीच लागते.