आठवडाभर पोर्तुगाल: लिस्बन की पोर्टो?

पोर्तुगालसाठी आठ-नऊ दिवसांची रजा मंजूर झाली, शेंगेन व्हिसा हातात पडला, की पुढचा प्रश्न मुक्कामाचा. बहुतेक मंडळी लिस्बन आणि पोर्टो यांत दिवस निम्मे-निम्मे वाटून मोकळी होतात. मला ही वाटणी पटत नाही. दोन्हीपैकी एका शहरात बस्तान मांडावं आणि दुसऱ्याला दोन-तीन दिवसांची भेट द्यावी. बस्तान कुठे मांडायचं, हे तुम्ही पोर्तुगालमध्ये नेमकं काय शोधायला निघालात त्यावर ठरतं, आणि त्यासाठी आधी देशाची ठेवण समजायला हवी.

युरोपच्या नैर्ऋत्य टोकाचा हा देश. शेजारी एकच, स्पेन. उरलेल्या दोन बाजूंना अटलांटिक महासागर. आसोरेस आणि मदेरा ही बेटं धरूनही क्षेत्रफळ सुमारे 92,000 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर. उत्तर-दक्षिण लांबी साडेपाचशे किलोमीटरच्या पुढे जाते, रुंदी मात्र दोनशेच्या आसपासच. स्पेनबरोबरची हद्द 1297 च्या तहात ठरली आणि ती आजही बव्हंशी तीच आहे.

तेजो नदी या देशाचे दोन भाग करते. तिच्या उत्तरेला डोंगर, हिरवाई, लहान लहान शेतं आणि दाट वस्ती. दक्षिणेला आलेंतेजूची मोकळी माळरानं, तुरळक गावं आणि बुचाच्या ओकची झाडं. जगातलं जवळपास निम्मं बूच पोर्तुगालमधून येतं. झाडाची साल नऊ वर्षांतून एकदाच काढतात, आणि काढली की उघड्या लालसर बुंध्यावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा पांढऱ्या रंगानं लिहून ठेवतात. गाडीतून जाताना दिसणारे ते 3, 7, 9 पुढच्या कापणीचा हिशेब असतात. अगदी खाली आल्गार्व्हचा किनारा येतो. नुसतं समुद्रस्नानच करायचं असेल तर ही तुलना बाजूला ठेवून सरळ तिकडेच जावं.

लिस्बन तेजोच्या मुखाशी वसलं आहे, पोर्टो दोरो नदीच्या. दोन्ही नद्या स्पेनमधून येतात, पण समुद्राला मिळताना त्यांचं वागणं अगदी निराळं. तेजो शहरापाशी येता येता पसरते आणि मोठी, शांत खाडी तयार होते. शेकडो जहाजं तिथे निर्धास्त नांगर टाकू शकत. दोरो मात्र खडकांच्या अरुंद घळीतून येते, आणि तिच्या मुखाशी असलेल्या वाळूच्या दांड्यानं कित्येक जहाजं बुडवली. म्हणून तर 19व्या शतकाच्या अखेरीस पोर्टोला शेजारी लेशॉइंश इथे वेगळं बंदर बांधावं लागलं. लिस्बनचं सगळं लक्ष महासागराकडे लागलं, तर पोर्टोचं आपल्या नदीच्या खोऱ्याकडे. या दोन शहरांतले बाकीचे बरेच फरक इथूनच सुरू होतात.

लिस्बन

इतिहासाची ओढ असलेल्या मराठी माणसानं लिस्बन निवडावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. गोवा, वसई, चौल-रेवदंडा, दमण, दीव या सगळ्या ठिकाणांचा कारभार ज्या दरबाराच्या नावानं चालला तो दरबार इथला. 1661 च्या विवाह-तहात मुंबई इंग्रजांच्या राजाला आंदण दिली गेली, तीही इथल्याच राजघराण्याच्या लेकीच्या लग्नात. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, त्याची झळ लागली ती याच सत्तेला.

बेलें या लिस्बनच्या नदीकाठच्या भागात हे सगळं एकत्र समोर येतं. वास्को द गामाची जहाजं 8 जुलै 1497 रोजी इथूनच निघाली. तिथला जेरोनिमूश मठ पाहायला किमान अर्धा दिवस ठेवा. चर्चच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला गामाची समाधी आहे आणि उजव्या हाताला महाकवी कामोंइशची. दगडी खांबांवर दोरखंड, प्रवाळ, वेली कोरल्या आहेत. गामाचा मृत्यू 1524 च्या नाताळच्या आदल्या दिवशी कोचीत झाला. त्याच्या अस्थी आधी पोर्तुगालमधल्या विदिगेइरा या त्याच्या जहागिरीच्या गावी नेल्या गेल्या, आणि या मठात आल्या त्या 19व्या शतकात.

जवळच 1960 साली उभारलेलं दर्यावर्दींचं स्मारक आहे. पुतळ्यांच्या रांगेत 1510 साली गोवा जिंकणारा आफोन्सू द आल्बुकेर्क आहे, आणि ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे ते सेंट फ्रान्सिस झेवियरही आहेत. गोव्यात 1560 पासून चाललेल्या इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, मात्र त्या दगडांवर मागमूस नाही. आपण तिथे उभे राहताना ही दुसरी बाजू मनात ठेवूनच उभं राहावं, असं मला फार वाटतं. मठ सुंदर आहे, आणि त्याच्या बांधकामाला मसाल्याच्या व्यापारावरच्या कराचा पैसा लागला आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

अभ्यासकांसाठी तोर्रे दु तोंबू हे राष्ट्रीय दप्तरखाना लिस्बनमध्येच आहे. मान्सूनच्या वाऱ्यांबरोबर येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांतून गोवा आणि लिस्बन यांच्यात जो पत्रव्यवहार चाले, त्याच्या बांधीव वह्यांचा काही भाग इथे आहे. मराठ्यांच्या इतिहासाची ती फार महत्त्वाची साधनं. सामान्य प्रवाशाला आल्कांतारातलं ओरिएंट संग्रहालय जास्त जवळचं वाटेल. खारवलेल्या कॉड माशाच्या जुन्या कोठारात 2008 साली ते सुरू झालं.

शहराचा चेहरा मात्र 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपानं ठरवला. सर्व संतांच्या सणाची सकाळ, चर्च भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. आधी धक्के बसले, मग खाडीतून त्सुनामीची लाट आली, आणि नंतर कित्येक दिवस आग धुमसत राहिली. राजाचा मंत्री असलेल्या पोंबालच्या मार्किसनं बाइशा हा सखल भाग नव्यानं आखला: सरळ काटकोनी रस्ते, आणि भिंतींच्या आत लाकडी पट्ट्यांचा पिंजरा, म्हणजे धक्का बसला तरी घर तग धरेल. टेकडीवरचं आल्फामा बरंचसं वाचलं. त्यामुळे आज बाइशाच्या रुंद रस्त्यावरून दहा मिनिटं चढून गेलं की तुम्ही वाकड्या-तिकड्या बोळांत शिरता, दोऱ्यांवर कपडे वाळत असतात आणि रात्री एखाद्या खानावळीतून फादू या इथल्या हुरहुरत्या गाण्यांचे सूर येतात.

लिस्बनमधली माणसंही महासागरावरून आलेली आहेत. 25 एप्रिल 1974 च्या कार्नेशन क्रांतीनंतर आफ्रिकेतल्या वसाहती स्वतंत्र झाल्या, आणि पाचेक लाख लोक पोर्तुगालला परतले. त्यांच्याबरोबर मोझांबिकमधले गुजराती आणि गोवेकरही आले. लुमियार भागातलं राधाकृष्ण मंदिर याच हिंदू समाजानं उभारलं, आणि तिथलं शाकाहारी उपाहारगृह ही शाकाहारी प्रवाशाची मोठी सोय आहे. मार्तीं मोनीझच्या आसपास डाळी, मसाले, कढीपत्ता सगळं मिळतं. 2015 ते 2024 पंतप्रधान असलेले आंतोनियो कोश्ता यांचं वडिलांकडचं घराणं मडगावचं. मुंबई-गोव्यातल्या अनेक कुटुंबांचे नातेवाईक लिस्बनच्या उपनगरांत आहेत, हे तर तुम्हाला ठाऊक असेलच.

पोर्टो

पोर्टो लहान आहे. खास शहराची वस्ती अडीच लाखांच्या आसपास, लिस्बनची साडेपाच लाखांच्या घरात. पायी फिरून शहर ओळखीचं व्हावं, तिसऱ्या दिवशी कॉफीवाल्यानं आपल्याला ओळखावं, असं वाटणाऱ्यानं पोर्टो निवडावं. पाहण्याच्या गोष्टींची यादी इथे आखूड आहे, पण जागा एकमेकींना लागून आहेत.

सां बेंतू स्थानकापासून सुरुवात करा. मोठ्या दालनाच्या भिंतींवर सुमारे 20,000 निळ्या-पांढऱ्या फरशांमध्ये लढाया, लग्नाच्या मिरवणुका, द्राक्षांची काढणी आणि गिरणीकडे निघालेली माणसं रंगवलेली आहेत. ते एक चालतं रेल्वे स्थानक आहे, तिकीट लागत नाही, आणि कामावर निघालेले लोक त्या चित्रांखालून रोज जातात. तिथून उतरत गेलं की दोन मजली दों लुईश पुलापाशी पोहोचता. 1886 चा हा लोखंडी पूल आयफेलचा जुना भागीदार सेइरिग याच्या आराखड्यातला. मधली कमान 172 मीटरची. खालच्या मजल्यावर वाहनं, वरच्या मजल्यावर मेट्रो आणि पादचारी. मेट्रो येते तेव्हा अगदी सावकाश, घंटी वाजवत येते, माणसं बाजूला होतात आणि ती गेली की पुन्हा रुळांवर पसरतात. उंचीची भीती असलेल्यांनी खालून जावं.

पलीकडच्या काठावर गाया आणि पोर्ट वाइनच्या वखारी. द्राक्षं पिकतात ती नव्वद-शंभर किलोमीटर आत, दोरोच्या तापलेल्या उतारांवर. 1756 सालीच त्या मळ्यांच्या हद्दी सरकारनं आखून दिल्या. पिंपं सपाट बुडाच्या रॅबेलू नावेतून नदीनं खाली यायची आणि गायाच्या दमट, गार हवेत मुरत पडायची. वाइन न पिणाऱ्यानंही पिन्यांवपर्यंतचा रेल्वेप्रवास करावा. गाडी बराच वेळ नदीच्या अगदी कडेनं जाते आणि दोन्ही बाजूंना पायऱ्या-पायऱ्यांचे मळे दिसतात.

पोर्टोचा स्वाभिमान जुना आहे. 1832-33 मध्ये शहरानं वर्षभराहून जास्त वेढा सोसला. उदारमतवाद्यांचं नेतृत्व करणाऱ्या, आधी ब्राझीलचा पहिला सम्राट असलेल्या दों पेद्रूनं मरताना आपलं हृदय या शहराला दिलं. ते आजही लापा चर्चमध्ये जपून ठेवलेलं आहे, आणि 2022 मध्ये ब्राझीलच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीसाठी ते विमानानं तिकडे नेऊन परत आणलं गेलं. पोर्तुगालमध्ये म्हणतात की ब्रागा प्रार्थना करतं, कोइंब्रा अभ्यास करतं, लिस्बन मजा करतं आणि पोर्टो काम करतं. लिस्बनकरांना हे पटणार नाही, पण उत्तरेतल्या कापड, बूट आणि बुचाच्या कारखान्यांच्या पट्ट्यातून गेलं की पोर्टोकर असं का म्हणतात ते कळतं. माणसं मोठ्यानं बोलतात, चटकन ओळख काढतात.

वास्तुकलेचे विद्यार्थी असाल तर प्रश्नच मिटला, पोर्टोला जा. प्रित्झकर पारितोषिक मिळालेले आल्व्हारू सिझा आणि एदुआर्दू सोतू द मोरा हे दोघेही इथल्या परंपरेतले. सिझांनी लेसाच्या खडकांत बांधलेला समुद्राच्या पाण्याचा पोहण्याचा तलाव तर असा आहे की त्या एकासाठीही प्रवास करावा.

हवा, चढ आणि जेवण

पाऊस हिवाळ्यात येतो, आपल्यासारखा जून-सप्टेंबरात नाही. पोर्टोत वर्षाला साधारण 1,100 ते 1,200 मिलिमीटर, लिस्बनला 700 ते 800. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जाणार असाल तर निःसंशय लिस्बन. जुलै-ऑगस्टमध्ये लिस्बन तापतं, तेव्हा पोर्टो सुखाचं. समुद्र दोन्हीकडे थंडच, आणि पोर्टोकडे तर उन्हाळ्यातही गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की दात वाजतात. शिकायला जाणाऱ्यांनी खोली बघताना भाड्याआधी हीटरची आणि भिंतीच्या ओलीची चौकशी करावी. जुन्या घरांत बहुधा घर गरम ठेवण्याची सोय नसते. लिस्बनमधली भाडी पोर्टोपेक्षा जास्त आहेत.

आई-वडील बरोबर असतील तर चढांचा विचार आधी करा. दोन्ही शहरं उतारांवर आहेत आणि पदपथांवरचे गुळगुळीत दगड ओले झाले की घसरतात. लिस्बनमध्ये मेट्रो, ट्राम, उद्वाहक जास्त, आणि बेलेंचा सगळा परिसर सपाट. त्यामुळे वयस्कर मंडळींना लिस्बन सोपं जातं.

मासे खाणाऱ्याची दोन्हीकडे चंगळ. लिस्बनला 12 जूनच्या रात्री सांतू आंतोनियूच्या सणात गल्लोगल्ली तारल्या भाजतात. पोर्टोत 23 जूनच्या रात्री सां जुआंवचा सण. अनोळखी माणसं एकमेकांच्या डोक्यावर प्लास्टिकचे हातोडे मारतात आणि मध्यरात्री नदीवर आतषबाजी होते. शाकाहाऱ्यांनी सूप मागताना त्यात सॉसेज नाही ना, हे विचारावं. बेलेंच्या प्रसिद्ध कस्टर्डच्या वाट्यांत अंडं असतंच. टेबलावर आपणहून आणून ठेवलेले पाव, ऑलिव्ह, चीज यांचे पैसे लागतात. नको असतील तर हात लावण्याआधी परत पाठवावेत, कुणी वाईट मानत नाही.

तर निर्णय. चारच दिवस असतील, किंवा पहिल्यांदाच युरोपला निघाला असाल, तर लिस्बन, आणि त्यातला एक दिवस सिंत्रा गावासाठी व युरोपच्या मुख्य भूमीच्या सर्वांत पश्चिमेकडच्या टोकासाठी, म्हणजे काबू द रोकासाठी. युरोपातली मोठी शहरं आधी पाहिली असतील आणि आता जरा थांबून राहायचं असेल तर पोर्टो. तिथून गिमाराइश, ब्रागा, आव्हेइरू हे एकेका दिवसाचे प्रवास आहेत. आठ-नऊ दिवस असतील तर मी पोर्टोत उतरून लिस्बनहून परतायचं तिकीट काढायला सांगेन: आधी तीन दिवस पोर्टो, उरलेले लिस्बन. मधला प्रवास आल्फा पेंदुलार गाडीनं साधारण तीन तासांचा. तिकीट लवकर काढलं तर बरंच स्वस्त पडतं, आणि दक्षिणेकडे जाताना खिडकी उजव्या हाताची घ्या, कारण एश्पिन्यूजवळ रूळ समुद्राच्या अगदी जवळून जातात.