आम्ल-आम्लारींच्या नावांचे पत्ते: दीड महिन्याच्या वापरानंतरचा अभिप्राय

लालबागला राहत्या घरी मी आठवी-नववीच्या मुलांच्या विज्ञानाच्या शिकवण्या घेते. जूनमध्ये दादर स्टेशनजवळच्या एका दुकानातून रासायनिक नावांच्या सरावासाठीचा हा पत्त्यांचा संच ३४० रुपयांना घेतला आणि दीड महिना सहा मुलांबरोबर तो वापरला. पत्ते ६४ आहेत, मजकूर मराठीत आहे आणि इंग्रजी नावे कोपऱ्यात बारीक अक्षरांत दिली आहेत, त्यामुळे सेमी-इंग्रजीच्या मुलांनाही तो चालतो.

नामकरणाच्या धड्यात मुले नेमकी कुठे अडतात, हे या संचाच्या कर्त्यांना ठाऊक असावे. 'एच-टू-एस-ओ-फोर म्हणजे सल्फ्युरिक आम्ल' हे प्रत्येकाला पाठ असते. पण त्यातला ऑक्सिजनचा एक अणू कमी करून 'एच-टू-एस-ओ-थ्री' फळ्यावर लिहिले, की वर्ग गप्प होतो, कारण पाठ केलेल्या यादीत ते नाव नसते. या संचात आम्लाचा पत्ता दोन तुकड्यांचा आहे: हायड्रोजनचा पांढरा आणि ऋण आयनाचा, म्हणजे ऋण विद्युतभार असलेल्या अणूचा किंवा अणुगटाचा, रंगीत. मुलाने आधी आयनाचे नाव ओळखायचे आणि त्यावरून आम्लाचे नाव काढायचे. आयनाच्या नावाच्या शेवटी 'एट' असेल तर आम्लाच्या नावात 'इक' येतो, 'आइट' असेल तर 'अस' येतो, आणि 'आइड' असेल तर आधी 'हायड्रो' व शेवटी 'इक'. नायट्रेटवरून नायट्रिक, नायट्राइटवरून नायट्रस, ब्रोमाइडवरून हायड्रोब्रोमिक. सल्फेटवरून मुले हमखास 'सल्फिक' आणि फॉस्फेटवरून 'फॉस्फिक' लिहितात. त्यासाठी 'सल्फ्युर' आणि 'फॉस्फोर' ही मूळ रूपे दाखवणारा वेगळा पत्ता दिला आहे, ही गोष्ट मला विशेष आवडली.

संचाची खरी किंमत मात्र क्लोरिनच्या पाच पत्त्यांत वसूल होते. नववीतल्या एका मुलीने ते सतरंजीवर ऑक्सिजनच्या चढत्या क्रमाने मांडले: हायड्रोक्लोरिक, हायपोक्लोरस, क्लोरस, क्लोरिक, परक्लोरिक. पहिल्यात ऑक्सिजन नाही, दुसऱ्यात एक, मग दोन, तीन आणि चार. थोडा वेळ त्या रांगेकडे पाहून तिने विचारले, "बाई, ज्यात ऑक्सिजनच नाही, त्यालाच 'हायड्रो' का?" या प्रश्नाचे उत्तर पत्त्यांवर नाही, पण तो मुलाच्या तोंडून निघावा अशी मांडणी त्यांनी केली आहे. 'इक' आणि 'अस' या शेवटांची पद्धत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १७८७ मध्ये घालून दिली. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच, अशी लाव्हाझिएची समजूत होती. ऑक्सिजन या शब्दाचा अर्थच मुळी 'आम्ल निर्माण करणारा' असा आहे. पुढे १८१० मध्ये इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही याने क्लोरिन हे मूलद्रव्य असल्याचे आणि मिठापासून मिळणाऱ्या आम्लात ऑक्सिजन नसल्याचे दाखवले. अशा आम्लांची ओळख 'हायड्रो' या उपपदाने होते. हे सांगितल्यानंतर त्या मुलीला ही नावे पुन्हा पाठ करावी लागली नाहीत.

आता दोषांकडे वळते, आणि ते किरकोळ नाहीत. सल्फाइड आणि सल्फाइट यांच्यात देवनागरीत केवळ 'ड' आणि 'ट' एवढाच फरक आहे, आणि या पत्त्यांवरचा टाइप इतका बारीक आहे, की संध्याकाळच्या उजेडात मलाही पत्ता डोळ्यांजवळ धरावा लागतो. एका अक्षराच्या चुकीने मूल हायड्रोसल्फ्युरिकच्या जागी सल्फ्युरस म्हणते, आणि दोष अक्षराचा असून बोलणी त्याला बसतात. दुसरे म्हणजे 'फॉस्फरस आम्ल' हे नाव. मराठीत मूलद्रव्य आणि आम्ल यांच्या नावांतला हा शब्द एकसारखाच लिहिला जातो, त्यामुळे तिथे एका ओळीचे स्पष्टीकरण आवश्यक होते. तिसरे, एचसीएल पाण्यात विरघळलेले असेल तरच त्याला हायड्रोक्लोरिक आम्ल म्हणतात, वायुरूपात ते हायड्रोजन क्लोराइड असते. हा भेद संचात कुठेच आलेला नाही.

आम्लारींचा, म्हणजे आम्लांना उदासीन करणाऱ्या पदार्थांचा, भाग त्रोटक आहे. धातूचे नाव आणि पुढे हायड्रॉक्साइड, एवढाच नियम असल्याने तो फार मोठा असण्याचे कारणही नाही. लोहाच्या दोन हायड्रॉक्साइडांसाठी फेरस-फेरिक या जुन्या नावांसोबत कंसात संयुजा, म्हणजे धातूच्या आयनावरच्या भाराचा आकडा, लिहिण्याची पद्धत दिली आहे, ते योग्यच झाले. पण कॅल्शिअम हायड्रॉक्साइडच्या पत्त्यावर व्यावहारिक नाव म्हणून 'चुनकळी' छापले आहे, आणि ही चूक मला अक्षम्य वाटते. चुनकळी म्हणजे कॅल्शिअम ऑक्साइड. तिच्यावर पाणी घातले की ती तापते, फुटते आणि विरी गेलेला चुना तयार होतो, तो कॅल्शिअम हायड्रॉक्साइड. एका मुलाने आजीच्या पानाच्या डब्यातला चुना आणून ओल्या लाल लिटमसला लावून दाखवला होता आणि कागद निळा झाला होता. त्याच मुलाने दुसऱ्या दिवशी हा पत्ता वाचून त्या चुन्याला चुनकळी म्हटले. चूक कळवणारे पत्र मी प्रकाशकांना पाठवले. अद्याप उत्तर आलेले नाही.

कागदाबद्दल सांगायचे, तर मुंबईच्या पावसाळ्यात हे पत्ते टिकत नाहीत. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांच्या कडा वळल्या आणि दोन तुकडे शेजारी शेजारी सपाट बसेनात. मी ते परळला लॅमिनेट करून घेतले.

हे सगळे धरूनही संच घ्यावा, असेच मी सांगेन, कारण आयनावरून नाव काढायला लावणारे दुसरे मराठी साधन माझ्या पाहण्यात आलेले नाही. सहा-सात मुलांना एक संच पुरतो. कॅल्शिअम हायड्रॉक्साइडच्या पत्त्यावरची चुनकळी मात्र लॅमिनेशनच्या आधी काळ्या शाईने खोडून तिथे 'विरी गेलेला चुना' असे लिहावे. नंतर प्लॅस्टिकवर शाई टिकत नाही.