शिवराई साफ करायची: चिंच की डिस्टिल्ड वॉटर?

चिंचेच्या कोळात शिवराई (शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं) बघता बघता लखलखते, हे खरं. पण आम्लाने मातीबरोबर वरचा काळपट-हिरवा थरही जातो. नाणं गुलाबीसर दिसायला लागतं आणि जाणते संग्राहक ते बाजूला सारतात.

डिस्टिल्ड वॉटरला दिवसच्या दिवस लागतात. पाणी बदलत राहायचं, फुगलेली माती बांबूच्या काडीने हलकेच सोडवायची. मग एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’ वाचता येतं. ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, पुढच्या काळातली. घासलेल्या नाण्यावर नेमक्या या खुणाच बुजतात. माझं मत पाण्यालाच.

आणि हो, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांवरचं धन सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार आधी कलेक्टरला कळवा.